शून्य मिलीअँपिअर

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या गल्लीचं आठ दिवसांचं पाणी माझ्यामुळे गेलं हे मला मान्य आहे. पण ते निष्काळजीपणानं गेलं असं जे शेजारच्या चतुराबाई घरोघर सांगत फिरतात, ते मान्य नाही. इतकी काळजी मी माझ्या लग्नातसुद्धा घेतली नव्हती. मी मोजून-मापून, मीटर लावून, अर्ज करून पाणी घालवलं आहे. हे तोंडी सांगायचा प्रयत्न केला, पण गल्लीत कोणी दोन मिनिटं ऐकून घेत नाही. म्हणून लिहून काढतो. त्यानं काही होईल अशी आशा नाही. शाळेत सव्वीस वर्षं हेडक्लार्की केल्यावर माणूस आशेवर फारसा विसंबत नाही.

गाव आमचं जालना जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण पाण्याच्या ऑफिसातले साहेब वाचनाचे शौकीन आहेत. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. दिवस पक्का, वेळ मात्र पक्की नाही. सकाळी सातला येईल, दुपारी तीनला येईल, आलं की पाऊण तास राहील आणि जाईल. त्यामुळे पाण्याच्या दिवशी प्रत्येक घरातलं एक माणूस नळापाशी राखीव असतं. आमच्या घरातलं ते माणूस म्हणजे माझी बायको, दैवशाला. गेल्या अकरा वर्षांत पाण्याच्या दिवशी तिनं गाव सोडलेलं नाही. लग्नं सोडली, बारशी सोडली, सख्ख्या भावाची वास्तुशांत सोडली.

तिची धाकटी बहीण मीना जांब समर्थला दिलेली आहे. तिथला रामनवमीचा उत्सव मोठा. मीना दर वर्षी बोलावते आणि दर वर्षी पाणी आडवं येतं. यंदाही दैवशालानं कॅलेंडरवर बोट ठेवून आठ-आठ दिवस मोजत नेले, आणि बोट बरोबर रामनवमीवर येऊन थांबलं.

"यंदा बी न्हाई," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

चिडली असती तर मी पेपर वाचत राहिलो असतो. पण ती चिडली नाही, आणि ते मला लागलं. मी म्हणालो, "तू जा. पाण्याचं मी बघतो."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

एवढंच. एका शब्दात माणसाची किती किंमत करता येते ते मला त्या दिवशी समजलं. मी तडक उठलो आणि माळ्यावरून सोल्डरिंगचं सामान काढलं.

मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे. घरातले त्याला दुसरे शब्द वापरतात. यापूर्वी मी दारावरची बेल केली होती, ती एकदा वाजायला लागली की पाहुणा जाईपर्यंत थांबत नसे. पण नळाची घंटी म्हणजे अगदी सोपं काम. नळाखाली प्लॅस्टिकचा कप ठेवायचा, कपात दोन तारा सोडायच्या. पाणी आलं की दोन्ही तारा पाण्यानं जोडल्या जातात आणि बझर वाजतो. आमचा नळ परसातल्या खड्ड्यात आहे, म्हणून तिथून लांब वायर आणून डबी मी पुढच्या ओसरीवर खिळ्याला टांगली. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, एक बझर. शिवाय घंटी चालू आहे हे दिसावं म्हणून एक लाल दिवा. तांब्याभर पाणी ओतून पाहिलं तर आवाज असा निघाला की समोरचे राधेश्यामसेठ दुकानातून उठून बाहेर आले.

राधेश्यामसेठ म्हणजे गल्लीच्या तोंडावरचं किराणा दुकान. आजोबा राजस्थानातून आले, नातू आता आमच्यापेक्षा अस्सल मराठवाडी बोलतो. त्यांनी डबी चारी बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "चीज चांगली केली तुम्ही भुजंगराव. आपल्या पाची घरांचं काम होऊन जाईल. एकाला कळालं की समद्यांला कळालं."

माझी घंटी गल्लीची झाली ती अशी. मला कोणी विचारलं नाही. शेजारच्या चतुराबाईंनी तर तिथल्या तिथे जाहीर केलं, "मंग मी त्या दिशी म्हशी घेऊन मळ्यात जाईन. भाऊ हायेत की." त्यांच्या घरी दोन म्हशी आहेत, आणि त्या पाण्याच्या बाबतीत घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा वरच्या मानाच्या आहेत.

तिसऱ्या दिवशी लाल दिवा विझला. बॅटरी संपली होती. नवी घातली, तीही दोन दिवसांत संपली. पाणी आठ दिवसांनी आणि बॅटरी दोन दिवसांची, हा हिशेब कुठल्याच बाजूनं जमेना. गल्लीनं सल्ले दिले. बॅटरी उन्हात ठेवा. बॅटरी दातानं चावा. एका सद्गृहस्थांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणून देतो म्हणून सांगितलं. ती टांगायला मला ओसरीची भिंत बदलावी लागली असती. दैवशाला मात्र एवढंच म्हणाली, "त्यो दिवा कशाला लावून ठिवला दिवसाढवळ्या?"

मी तिला समजावलं की यात तांत्रिक बाबी असतात.

तेवढ्यात पाण्याच्या ऑफिसातून निरोप आला. कोणीतरी कळवलं होतं की भुजंगरावांनी नळाला वायर जोडली आहे. नळाला मोटार लावायला बंदी असल्यामुळे मला समक्ष बोलावलं होतं. मी गेलो. टेबलामागच्या बाबूंना सांगितलं, ही मोटार नाही, घंटी आहे. ही पाणी ओढत नाही, आल्याची बातमी देते.

"वायर आली की आम्ही मोटारच धरतो," बाबू म्हणाले. "अर्ज करा. छापील फॉर्म हाये."

फॉर्मचा सातवा रकाना होता, 'उपकरण किती करंट ओढते.' मी विचारलं, अंदाजे लिहू का? ते म्हणाले, "अंदाज चालत न्हाई. मोजून लिहा." मी स्वतः हेडक्लार्क आहे. शाळेत असंच उत्तर मी शेकडो लोकांना दिलेलं आहे. समोरून ऐकताना ते किती वाईट वाटतं हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

करंट मोजायचं म्हणजे मीटर आलं. शनिवारी अर्धी सुट्टी टाकून बसनं जालन्याला गेलो. तिथे श्रेणिकचं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान आहे. जैनांचा पोरगा, तिशीचा, बोलणं गोड, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगायची हौस. त्यानं पिवळं मीटर काढून दिलं.

"काका, ध्यान देऊन ऐका. व्होल्टेज मोजताना दोन बाजूला दोन काड्या लावल्या की झालं. करंटचं तसं न्हाई. करंट मोजायचा तर तार तोडायची अन् मीटर मधी बसवायचं. सगळा करंट मीटरमधून गेला पायजे. बॅटरीच्या दोन टोकाला बिलकुल लावू नका."

मी म्हणालो, कळलं. मला खरोखरच कळलं होतं. बसमध्ये उभ्यानं येताना मी ते मनात तीनदा घोकलंही होतं.

पण घरी आल्यावर काय झालं ते सांगतो. आमच्या गल्लीत कोणीही पाणी वापरायच्या आधी टाकीत काठी बुडवतं. काठी किती ओली झाली ते पाहायचं, शिल्लक किती ते ठरवायचं, मग आंघोळ की नुसते पाय धुणं हे ठरतं. सकाळी उठल्यावर देवाच्या आधी काठी. ही सवय हाडीमाशी खिळलेली. तेव्हा नवी बॅटरी हातात घेतल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? घंटी किती ओढते ते नंतर बघू, आधी आत माल किती आहे ते बघावं. मीटरचं बटण मिलीअँपिअरवर, म्हणजे करंट मोजायच्या जागी, होतंच. दोन काड्या बॅटरीच्या दोन टोकांना टेकवल्या.

आतून 'टिक' असा बारीक आवाज आला. आकडा एकदम उसळला आणि शून्यावर येऊन बसला.

मला चटकन श्रेणिकचं बोलणं आठवलं. मी काड्या काढल्या, इकडे तिकडे पाहिलं, कोणी पाहिलं नव्हतं. मीटरला बाहेरून काही झालेलं दिसत नव्हतं. आकडे स्वच्छ दिसत होते. आवाज आपल्याच बोटांचा असेल, असं मी ठरवून टाकलं.

मग तो लाल दिवा मी काढला. दैवशालाच्या सांगण्यावरून नाही. माझ्याही मनात ते होतंच. कपात पाणी घातलं, घंटी दणक्यात वाजली. कप पुसला, एक तार तोडली, मधे मीटर बसवलं आणि पाहिलं.

०.००.

मी चष्मा पुसून परत पाहिलं. शून्य. म्हणजे दिवा काढल्यावर माझी घंटी काहीच खात नव्हती. काहीच न खाता आठ दिवस, महिनाभर, वर्षभर ती नळाकडे लक्ष ठेवून राहणार होती. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. शाळेत, घरात, गल्लीत माझ्या हातून कधी इतकं निर्दोष काही झालेलं नाही. मी दैवशालाला हाक मारून शून्य दाखवलं. ती म्हणाली, "बरं हाये ना मंग?" आणि बॅगेत लुगडी भरायला गेली. अकरा वर्षांनी ती बॅग माळ्यावरून खाली आली होती. आत डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि ती गाणं गुणगुणत होती.

सोमवारी फॉर्मच्या सातव्या रकान्यात ठळक अक्षरात 'शून्य' लिहिलं आणि नेऊन दिला. बाबूंनी तो वाचला आणि परत केला.

"शून्य करंट म्हंजी उपकरणच न्हाई. मंग परवानगी कशाची मागता?"

आज विचार करता वाटतं, या सगळ्या प्रकरणात त्या बाबूंइतका अचूक कोणीच नव्हता. त्या वेळी मी रागारागानं घरी आलो.

रामनवमीच्या आदल्या दिवशी पाची घरांतली माणसं ओसरीवर जमली. मी मीटर सोडवून तार परत जोडून ठेवली होती. राधेश्यामसेठनी विचारलं, "शून्य शून्य म्हणून राह्यले तुम्ही, पण दिसत तर काहीच न्हाई."

मी म्हटलं, मोजलंय मी.

"तुम्ही मोजलं हो. आमच्या धंद्यात काटा गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर पायजे. काटा आतल्या खोलीत ठिवला तर माल बराबर असूनबी गिऱ्हाईक उठून जातं. ते मीटर इथंच राहू द्या, समद्यांला दिसू द्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही पटलं, आणखी खरं सांगायचं तर ते शून्य गल्लीनं बघावं असं मलाच वाटत होतं. मी तार पुन्हा तोडली, मीटर मधे बसवून डबीशेजारी टांगलं. ०.००. पाच घरांनी पाच मिनिटं ते पाहिलं.

एकदा पाणी ओतून वाजवून बघू, असं मीच म्हणालो होतो. हे मुद्दाम नोंदवतो. पण तो सातवा दिवस होता. सातव्या दिवशी आमच्या गल्लीत कोणाकडे कपभर पाणी प्रयोगाला देण्यासारखं नसतं. चतुराबाई म्हणाल्या, "परवा वाजली ना? मंग उगं पाणी कशाला नासायचं." विषय संपला.

सकाळच्या बसनं दैवशाला गेली. बस हलेपर्यंत ती मला सांगत होती की आधी पिण्याचे हंडे, मग टाकी, मग म्हशीवाल्या चतुराबाईंना नळी द्यायची. मी म्हटलं, तू निवांत जा. आणि ती खिडकीतून हसली. तिला असं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

गल्ली त्या दिवशी ओस पडली. चतुराबाई म्हशींसह मळ्यात. राधेश्यामसेठ कुटुंबासह देवळात. बाकीची दोन घरं नळ घट्ट बंद करून गाढ झोपेत, कारण घंटी उठवणार होती. मी ओसरीवर खुर्ची टाकून मीटरसमोर बसलो. साडेनऊ, दहा, अकरा. शून्य जागचं हललं नाही. बाराला दैवशालाचा व्हिडिओ कॉल आला. जांबच्या देवळात रामजन्म होत होता, घंटा, टाळ, गुलाल, बायकांचा पाळणा. तिनं गर्दीत फोन उंच धरला होता, म्हणजे मला दिसावं म्हणून. मी इकडे ओसरीवर एकटा उभा राहून हात जोडले. अर्धा-पाऊण तास तो सोहळा मी आवाज मोठा करून पाहिला.

पाऊण वाजता भिवा आला. भिवा म्हणजे पाणी सोडणारा माणूस. खांद्यावर वॉलची लांब किल्ली.

"निवांत बसले भुजंगराव?" तो म्हणाला. "भरलं का समद्यांचं? आज प्रेशर लई जोरात होतं. आत्ताच वॉल बंद करून आलो."

मी मीटरकडे पाहिलं. ०.००.

परसात धावलो. नळाचा खड्डा काठोकाठ भरला होता, कप पाण्याखाली, दोन्ही तारा पाण्याखाली, आणि पाऊण तासाचं पाणी नालीनं गल्लीबाहेर निघून गेलं होतं. बाकीच्या चार घरांचे नळ बंद. ते पाणी त्यांच्या दारावरून परत गेलं.

मी श्रेणिकला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुम्ही ते मीटर बॅटरीच्या दोन टोकाला लावलं होतं का?"

"एकदाच. जरासं."

"मंग मीटरमधला फ्यूज त्याच टायमाला उडाला. फ्यूज उडालेलं मीटर म्हंजी बंद वॉल. त्यातून काही जात न्हाई. अन् ते तुम्ही घंटीच्या तारेत मधी बसवलं. मंग घंटी वाजंल कशी?"

"पण ते शून्य दाखवत होतं रे!"

"बराबरच दाखवत होतं, काका. शून्यच जाऊन राह्यलं होतं."

संध्याकाळी गल्ली जमली. मी फ्यूजचं शास्त्र सांगायला सुरुवात केली. चतुराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, म्हशीला मी मीटर पाजू का आता?"  मीटर समोर टांगायचा आग्रह राधेश्यामसेठचा होता, याची मी त्यांना आठवण करून दिली, तर म्हणाले, "काटा खोटा निघाला तर दोष काट्यावाल्याचा, भुजंगराव. बघणाऱ्याचा कसा?" 

आता राहिला दैवशालाचा फोन. ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. मी धीर करून सांगितलं. पलीकडे टाळ वाजत होते. 

"घरात पाणीच न्हाई का मग?" तिनं विचारलं.

"खड्ड्यात साचलेलं आहे. बाकी नाही."

"मंग येऊन मी काय करू? भांडी घासायला पाणी न्हाई, धुणं धुवायला न्हाई. मीना राहा म्हणून राह्यली. मी आठ दिसांनी येते."

आणि तिनं फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. उलट जी बातमी ऐकून ती हादरेल असं मला वाटलं होतं, ती तिनं सुट्टी मंजूर झाल्यासारखी ऐकली.

ते आठ दिवस मी तपशिलात सांगत नाही. रोज सकाळी शाळेच्या आधी मी राधेश्यामसेठच्या ओळखीच्या मळ्यातून सायकलला दोन घागरी अडकवून पाणी आणलं. पहिल्या दोन खेपा चतुराबाईंच्या म्हशींना, कारण संध्याकाळी गल्लीनं तसं ठरवलं होतं. म्हशी पाणी पिताना माझ्याकडे बघत. मीटर आणि डबी मी माळ्यावर टाकली. दुसऱ्याच दिवसापासून मला काठी बुडवायचीही गरज उरली नाही, टाकीचा तळ वरूनच दिसत होता.

आठव्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि सकाळी सहाला परसात खड्ड्याशेजारी पाटावर बसलो. नुसता बसलो. पेपर नाही, मोबाईल नाही. आठ वाजले, दहा वाजले. ऊन डोक्यावर आलं. लघवीला जाण्याची हिंमत होईना. जागेवरून उठावं, कोणी हाक मारली तर ओ द्यावी, दारात कोणी आलं तर बघावं, असं काहीही करता येत नाही हे मला तिथे बसल्यावर कळलं. दैवशाला हे सांभाळून स्वयंपाकही करत होती, माझे डबे देत होती, आणि संध्याकाळी मी विचारत होतो, आज दिवसभर काय केलं. मला माझी लाज वाटली. स्पष्ट लिहितो, फार लाज वाटली.

एक वाजून दहा मिनिटांनी नळ गुरगुरला. मी उठून गल्लीत धावलो आणि पाची दारांवर थापा मारत ओरडलो, "पाणी आलं, पाणी!" मग हंडे, टाकी, पिंप, आणि चतुराबाईंना नळी, सांगितल्याच क्रमानं. पाऊण तासात सगळं भरलं. चतुराबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "आज काम केलं बघा भाऊंनी." पाठीतून कळ येत होती, तरी मला छाती फुगवून उभं राहावंसं वाटलं.

मी पायरीवर टेकलो आणि दैवशालाला फोन लावला. म्हणालो, "अगं, घाई करू नकोस. वाटलं तर आणखी आठ दिवस राहा. पुढच्या पाण्याचंही मी बघतो."

 मग ती हळू आवाजात म्हणाली, "परत गेलं का पाणी?"

"नाही गं! भरलंय सगळं. शपथेवर सांगतो."

"खरं सांगा. मी न्हाई रागवत."

मी टाकीवर टिचकी मारून आवाज ऐकवला. तिला पटलं नाही. शेवटी ती म्हणाली, "चतुराबाईला फोन द्या."

मी भिंतीवरून फोन चतुराबाईंच्या हातात दिला. त्या आमच्या परसात डोकावून एकेक भांडं सांगत गेल्या, पिंप किती, टाकी किती, हंडे किती, घागरीवर झाकण आहे की नाही. माझी सव्वीस वर्षांत एवढी तपासणी झालेली नाही. मी भिंतीला टेकून ऐकत उभा होतो. बऱ्याच वेळानं फोन परत आला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"राहते म्हणाल्या," चतुराबाई म्हणाल्या. "पण दर पाण्याला माझ्याकडून खात्री करून घेणार हायेत."

मी बरं म्हणालो आणि जाऊन आडवा पडलो.